बेराउरा: सिडनीच्या घाटमाथ्यावरचं स्टेशन, नवख्यांसाठी

सिडनीतल्या हॉर्न्सबी उपनगराच्या फलाटावर उभा असलेला नवखा माणूस इंडिकेटरवर ‘बेराउरा’ वाचतो आणि समजतो, हे इथलं कर्जत किंवा कसारा असणार. अंदाज बराचसा बरोबर आहे. सिडनीची लोकल इथे संपते आणि पुढे घाट सुरू होतो. फरक एवढाच की कर्जत घाटाच्या पायथ्याला आहे आणि बेराउरा माथ्यावर. म्हणजे लोकल थेट खंडाळ्यापर्यंत जाते असं समजा, आणि खाली उतरल्यावर मात्र कोकणातल्यासारखी खाडी लागते.

सिडनीत येणारी मराठी कुटुंबं बहुधा हॉर्न्सबी, वायटारा, ॲस्क्विथ या पट्ट्यात किंवा पॅरामॅटा-वेस्टमीडकडे भाड्यानं घर घेतात. वर्ष-दोन वर्षं ऑपेरा हाऊस, बाँडाय, ब्लू माउंटन्स होतात. घरापासून पंधरा मिनिटांवर लोकल एका रानात नेऊन सोडते, हे कुणी सांगत नाही. मीही हॉर्न्सबीत सहा वर्षं काढली तेव्हा कुठे पहिल्यांदा शेवटच्या स्टेशनला उतरलो. हा लेख त्या सहा वर्षांची भरपाई म्हणून. नाव इंग्रजीत वाचून आपण ‘बेरोवरा’ म्हणतो. तिथली माणसं मधल्या ‘राउ’वर जोर देतात.

पहिली पायरी: धार ओळखा

मोबाइलवर नकाशा उघडा आणि उपग्रहाचं चित्र लावा. हॉर्न्सबीच्या उत्तरेला घरांच्या छपरांचा एक अरुंद पट्टा दिसेल आणि दोन्ही बाजूंना गर्द हिरवा रंग. तो पट्टा म्हणजे डोंगरधार. सह्याद्रीत भटकलेल्यांना वेगळं सांगायला नको: एकच लांब सोंड, तिच्या माथ्यावरून वाट आणि दोन्ही अंगांनी घळी. इथे त्या वाटेच्या जागी रेल्वे आहे, तिला खेटून पॅसिफिक हायवे, दुसऱ्या बाजूला फ्रीवे आणि उरलेल्या जागेत घरं. पूर्वेकडच्या घळी काउअन क्रीकला मिळतात, पश्चिमेच्या बेराउरा क्रीकला. दोन्ही पाणी शेवटी हॉक्सबरी नदीच्या मुखाकडे जातं.

आपल्याकडे गाव पाण्याच्या कडेला असतं आणि रान वर डोंगरावर. इथे उलट आहे. याचं कारण दगडात आहे. हा सगळा हॉक्सबरी वालुकाश्म, २० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. नद्यांनी पुढे तो खोल चिरला. माती पातळ, रेताड आणि फॉस्फरसला अगदी दरिद्री. शेती करावी म्हटलं तर माथ्यावरच्या थोड्या बऱ्या जागेत फळबागा लागल्या, उतारावर कुणी नांगर घातला नाही. रान वाचलं ते आधी मातीच्या गरिबीमुळे. कायदा नंतर आला.

हे एवढं डोक्यात बसलं की बेराउराचं बाकी सगळं कोडं सुटतं. रेल्वे इथूनच का गेली, आग कुठून येते, संध्याकाळी वारा कुठून सुटतो, घराच्या मागचं कुंपण संपलं की एकदम कडा का लागतो, सगळ्याचं उत्तर धार. पुढे मी पुन्हा पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

दुसरी पायरी: लोकलनं जा, आणि वरच्या मजल्यावर बसा

पहिल्यांदा जाताना गाडी घेऊ नका. फ्रीवेवरून ९०-१०० च्या वेगानं जाताना दिसतात ते फक्त कापलेले कातळ. नॉर्थ शोअर लाइनची लोकल पकडा. ओपल कार्ड (इथलं प्रवासाचं कार्ड) किंवा बँकेचं कार्ड चालतं, आणि शुक्रवार ते रविवार दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा कमी असते, त्यामुळे सहकुटुंब जायला हे दिवस परवडतात. शहरातून निघालात तर तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. हॉर्न्सबीनंतर ॲस्क्विथ, माउंट कोला, माउंट कुरिंगाय आणि मग बेराउरा. गाडी दुमजली असते. वरच्या मजल्यावर उजवीकडची खिडकी धरली की फ्रीवेच्या पलीकडचं कुरिंगाय चेस राष्ट्रीय उद्यान दिसतं, डावीकडे बसलं तर बेराउरा व्हॅलीचं रान. गाडीच्या या मालिकेचं नाव ‘वाराटा’. ते नाव न्यू साउथ वेल्सच्या राज्यफुलाचं आहे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेच लालभडक फूल तुम्हाला रानात भेटण्याची शक्यता आहे. भेटलं तर तोडायचं नाही. देवाला वाहायलासुद्धा नाही.

पुढच्या काउअन, हॉक्सबरी रिव्हर या स्टेशनांना जायचं असेल तर सेंट्रल कोस्टकडे जाणारी गाडी लागते. ती साधारण तासाला एक. काउअनला माझी गाडी डोळ्यांदेखत सुटली होती आणि पुढचा तास मी बाकावर बसून एका कूकाबरा पक्ष्याशी नजरानजर करत काढला. माझ्या पिशवीत चकली आहे हे त्याला माहीत होतं. वेळापत्रक आधी पाहा.

तिसरी पायरी: फलाटावर उभं राहून इतिहास वाचा

बेराउरा स्टेशन ७ एप्रिल १८८७ ला सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १८८६ मध्ये, स्ट्रॅथफील्डहून हॉर्न्सबीपर्यंत रूळ आले होते. इंजिनिअरांना उत्तरेला न्यूकॅसलच्या कोळसापट्ट्याशी सिडनी जोडायची होती. मध्ये हॉक्सबरीचं खोरं आडवं. घळी ओलांडत जायचं तर पुलांना अंत नव्हता, म्हणून त्यांनी धार पकडली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. जुन्या पायवाटेनं आणि नंतरच्या रस्त्यानंही तेच केलं होतं. १८४०च्या दशकात जॉर्ज पीट यानं नदीवर फेरीबोट सुरू केली आणि तिकडे जाणारा रस्ता पीट्स फेरी रोड झाला.

धार संपते तिथे मात्र पर्याय नव्हता. काउअनपासून हॉक्सबरी नदीपर्यंत रूळ सुमारे ८ किलोमीटरांत जवळपास २०० मीटर खाली उतरतात. चढ ४० फुटांना १ फूट. बोर घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे दोघे सख्खे भाऊ. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात हे आपण लहानपणापासून पाहिलंय. वाफेच्या काळात इथेही तशीच जोड इंजिनं लागायची. या चढाला ‘काउअन बँक’ म्हणतात. उतरताना बोरोनिया नावाचे बोगदे लागतात. बोरोनिया हे इथल्या रेताड मातीतलं गुलाबी फुलांचं झुडूप.

खाली गेल्यावर दोन वर्षं रेल्वे पाण्याच्या कडेला थांबून राहिली. पूल नव्हता. प्रवासी उतरायचे, ‘जनरल गॉर्डन’ नावाच्या दुमजली चाकाच्या आगबोटीत बसायचे आणि गॉसफर्डला जाऊन पुन्हा रेल्वे धरायचे. पूल बांधायचं काम न्यूयॉर्कच्या युनियन ब्रिज कंपनीला मिळालं. सात गाळे, म्हणजे दोन खांबांमधले पुलाचे भाग, प्रत्येक ४१६ फुटांचा. नदीचा तळ म्हणजे नुसता गाळ, त्यामुळे एक पाया भरतीच्या पातळीखाली सुमारे ४९ मीटर न्यावा लागला. तेव्हा एवढा खोल पाया जगात कुठल्याच पुलाला नव्हता असं मानलं जात होतं. लोखंडी गाळे जवळच्या डँगर बेटावर तराफ्यावर जुळवायचे, भरती आली की तराफा ओढत खांबांमध्ये आणायचा आणि ओहोटीला पाणी उतरलं की गाळा आपोआप खांबांवर टेकायचा. क्रेनचं काम चंद्राकडून. १ मे १८८९ ला पूल खुला झाला आणि ब्रिस्बेनपासून ॲडलेडपर्यंतची रेल्वे एकदाची जोडली गेली. मध्ये वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते, डबे बदलावे लागत, तरीही.

तो पूल आज नाही. खांबांना तडे गेले आणि १९४६ मध्ये शेजारी नवा पूल झाला. जुने दगडी खांब मात्र अजून पाण्यात उभे आहेत. गाडी नव्या पुलावरून जाताना खिडकीतून दिसतात. पहिल्यांदा पाहाल तेव्हा अर्धवट राहिलेलं काम वाटेल.

काउअन बँकेची एक आठवण दुःखाची आहे. ६ मे १९९० च्या रविवारी संध्याकाळी ३८०१ हे वाफेचं इंजिन सहलीची गाडी घेऊन हा चढ चढत होतं. चाकं घसरू लागली, गाडी अडली. मागून आलेली विजेची प्रवासी गाडी तिच्यावर आदळली आणि ६ जण गेले. चाकांना पकड मिळावी म्हणून वाफेची इंजिनं रुळांवर वाळू सोडतात. त्या वाळूमुळे चाकं आणि रूळ यांच्यातला विजेचा संपर्क तुटला आणि पुढे गाडी उभी असूनही सिग्नलनं रस्ता मोकळा दाखवला, असा निष्कर्ष तपासात निघाला.

विजेची गाडी १९६० मध्ये गॉसफर्डपर्यंत पोचली, फ्रीवे १९६०च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं आला. बेराउरा म्हणजे फळबागा आणि सुट्टीतल्या झोपड्या हे चित्र तेव्हाच पालटलं. आज बेराउरा आणि लागून असलेलं बेराउरा हाइट्स मिळून वस्ती दहा हजारांच्या आसपास. धारेला याहून जास्त माणसं पेलत नाहीत.

चौथी पायरी: फलाटाच्या आधीचा इतिहास

इथे बहुतेक पाहुणे चुकतात. १८८७ ही सुरुवात नाही. ही भूमी धरुग आणि गुरिंगाय लोकांची मानली जाते. हॉर्न्सबीची नगरपालिका दोघांचंही नाव आदरानं घेते. ‘कुरिंगाय’ हा शब्द १८९२ च्या सुमारास जॉन फ्रेझर या गोऱ्या अभ्यासकानं रूढ केला आणि तो कुठल्या लोकांना लागू पडतो यावर आजही वाद आहे. म्हणून कुणाशी बोलताना ठामपणे काही सांगायला जाऊ नका. ऐका.

‘बेराउरा’चा अर्थ भरपूर शिंपल्यांची जागा असा सांगतात. खाडीच्या काठानं चालताना काळ्या मातीत पांढऱ्या शिंपल्यांचे थर दिसले तर तो भरतीनं आणलेला कचरा नव्हे. हजारो वर्षं इथे माणसं कालवं-शिंपले खाऊन बसत होती, त्यांच्या पंगतींचे ढीग आहेत ते. वसाहतीच्या काळात असे कितीतरी ढीग भाजून चुना केला गेला आणि तो सिडनीच्या भिंतींत गेला.

कातळावर पाणी साठण्याच्या जागी लांबट खोलगट खाचा दिसतील. घरातला जुना पाटा आठवा, वरवंट्यानं मध्ये झिजलेला. तसंच. दगडी कुऱ्हाडींना धार लावायच्या जागा आहेत या, आणि पाण्याशेजारी का, तर घासताना पाणी लागायचं. सपाट कातळांवर मासे, कांगारू, माणसं अशा कोरलेल्या आकृत्याही या भागात आहेत. त्या सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना नीट दिसतात. त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, खडू-पाण्यानं उठाव द्यायचा नाही, हातानं चाचपायचंही नाही. वालुकाश्म मऊ असतो.

इथल्या इंग्रज वसाहतीच्या पहिल्या गव्हर्नरची, फिलिपची माणसं १७८८ आणि १७८९ मध्ये बोटीनं ब्रोकन बे आणि हॉक्सबरीत शिरली. १७८९ मध्येच देवीची साथ पसरली आणि सिडनीच्या आसपासच्या मूळ लोकांपैकी फार मोठा भाग तिनं नेला. रेल्वे आली तेव्हा हे रान ‘रिकामं’ दिसत होतं, त्यामागे ही साथ आहे आणि नंतर बळकावलेल्या जमिनी आहेत.

उद्यानाची गोष्ट थोडक्यात. एक्लस्टन ड्यू फॉर या गृहस्थानं पाठपुरावा केला आणि १८९४ मध्ये कुरिंगाय चेस राखीव झालं. १८७९ च्या रॉयल नॅशनल पार्कनंतर न्यू साउथ वेल्समधलं हे दुसरं जुनं उद्यान. पश्चिमेकडच्या बेराउरा व्हॅलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला तो मात्र २०१२ मध्ये.

पाचवी पायरी: पहिली चाल

तीन वाटा सांगतो, सोप्या ते दमवणाऱ्या अशा क्रमानं नाही, तर मला आवडतात त्या क्रमानं.

पहिली काउअन ते ब्रुकलिन, साधारण १३ किलोमीटर. काउअन स्टेशनातून पादचारी पुलावरून फ्रीवे ओलांडायचा, खाली जेरुसलेम बे या खाडीच्या टोकाशी उतरायचं, मग वर चढायचं आणि शेवटी नदीकाठच्या ब्रुकलिन गावात हॉक्सबरी रिव्हर स्टेशनला पोचायचं. ही वाट ‘ग्रेट नॉर्थ वॉक’चा भाग आहे. सिडनी ते न्यूकॅसल २५० किलोमीटरची ही पायवाट १९८८ मध्ये खुली झाली. फ्रीवेचा घोंघाट पहिली वीस मिनिटं पाठलाग करतो आणि मग एका वळणावर कुणी दार लावल्यासारखा बंद होतो. लहान मुलांना घेऊन पूर्ण वाट करू नका. जेरुसलेम बेपर्यंत जाऊन परत या, तेवढंही पुष्कळ आहे. फक्त लक्षात ठेवा, धारेवरच्या गावाचा नियम सह्याद्रीच्या उलट: उतार आधी, चढ नंतर, आणि तो चढ पाय दमल्यावर येतो. परतीला जाण्याच्या दीडपट वेळ धरा.

दुसरी बेराउरा स्टेशनहून बेराउरा वॉटर्सला, पश्चिमेकडच्या खाडीवर. स्टेशनपासून पायी दीड-दोन तास धरा. खाली गेल्यावर नागमोडी खाडी, होड्या आणि गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट. लोखंडी दोरांच्या आधारानं ती इकडून तिकडे जाते, दिवसरात्र चालते आणि पैसे घेत नाही. गोव्यात चोडणची फेरीबोट पाहिलेल्यांना घरी आल्यासारखं वाटेल. ही खाडी खरं तर बुडालेली दरी आहे. हिमयुग संपलं, समुद्र शंभराहून अधिक मीटर वर आला आणि नदीच्या घळीत खारं पाणी शिरलं. म्हणून कडे थेट पाण्यात उतरतात आणि गाळ साठला तिथे खारफुटी वाढते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला ओहोटीच्या चिखलाचा वास ओळखीचा वाटेल. परत तेवढं चढायचं नसेल तर वरून पाहायला बेराउरा हाइट्समध्ये ‘ना बादू’ नावाचं ठिकाण आहे. धरुग भाषेत त्याचा अर्थ ‘पाणी पाहा’.

तिसरी माउंट कुरिंगाय स्टेशनला उतरून काउअन क्रीकच्या काठाकाठानं बेराउरा स्टेशनला परत. एका स्टेशनला उतरायचं आणि पुढच्यावर चढायचं, गाडीची भानगडच नाही. काठानं चालणं सपाट आणि सावलीचं, शेवटचा चढ मात्र घाम काढतो.

वाटेत एका झाडाजवळ थांबाच. फिकट, गुळगुळीत खोडावर तपकिरी नागमोडी रेघा दिसतील. कुणीतरी घाईघाईत मोडीत दफ्तर लिहून गेल्यासारख्या. या झाडाला स्क्रिब्ली गम म्हणतात. एका इवल्या पतंगाची अळी सालीच्या आत बोगदा खणत जाते, टोकाला वळते, आपल्याच वाटेशेजारून परत येते. वर्षानं जुनी साल गळाली की आतलं अक्षर उघडं पडतं. माझ्या मुलीनं त्यात ‘श्री’ शोधला होता. आणि वालुकाश्मावर मेण ओघळल्यासारखी मुळं पसरलेलं, नारिंगी-गुलाबी खोडाचं वाकडंतिकडं झाड दिसलं तर तो अँगोफोरा. फांदी खोडाला मिळते तिथे कोपराला पडतात तशा वळ्या असतात.

सोबत काय घ्यायचं? माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. ओढ्याचं पाणी पिऊ नका, वरच्या वस्तीचं सांडपाणी पावसाबरोबर तिकडेच उतरतं. घळीत मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि घरी कुणालातरी परतीची वेळ सांगून जा. तातडीचा नंबर ०००. पोहे-थेपले न्या, पण लिंबाची साल, शेंगांची टरफलं ‘कुजून जातील’ म्हणून टाकू नका. गरीब मातीवर जगणाऱ्या इथल्या झाडांना खत बाधतं आणि तणांना फावतं. कुत्र्याला राष्ट्रीय उद्यानात प्रवेश नाही. खाडी दिसली म्हणून निर्माल्य सोडायचं नाही, गणपतीही नाही. शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जित करा. पुण्यात आपण तेच करायला लागलोय.

सहावी पायरी: शेजारी ओळखा

साप आहेत. लाल पोटाचा काळा साप उन्हाळ्यात वाटेवर ऊन खात पडलेला दिसतो. थांबा, पाय आपटू नका, त्याला जाऊ द्या. चावलाच तर इथल्या सापांसाठी उपाय एकच: चावलेल्या हाताला-पायाला पूर्ण लांबीची रुंद इलॅस्टिक पट्टी घट्ट गुंडाळायची, काठी बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालू द्यायचं नाही आणि ००० ला फोन. फनेल-वेब कोळ्यालाही हाच उपाय. हा काळा चकचकीत कोळी खास सिडनी परिसरातला. उन्हाळा-शरदात पावसानंतर नर भटकायला निघतात आणि अंगणात, पोहण्याच्या तलावात, बाहेर ठेवलेल्या बुटात सापडतात. कोकणात आपण विंचवासाठी बूट झटकून घालतो तीच सवय इथे आणा. घाबरून जाऊ नका: १९८१ मध्ये प्रतिविष आलं तेव्हापासून या कोळ्यानं कुणाचा जीव गेलेला नाही. खरा रोजचा त्रास गोचिडीचा. चालून आल्यावर कानामागे, केसांत, काखेत तपासा. सापडली तर चिमट्यानं ओढू नका, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या फवाऱ्यानं जागीच गोठवून मारा.

बागेतला शत्रू मात्र वेगळाच. ब्रश टर्की: काळं अंग, लाल डोकं, पिवळी गळपट्टी. नर पालापाचोळा ओढून कित्येकदा चार मीटर रुंद ढीग रचतो. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर अंडी उबतात आणि हा चोचीनं तापमान पाहत ते ३३ ते ३५ अंशांवर ठेवतो. पाला कुठून? तुमच्या बागेतून. माझा मेथीचा वाफा एका सकाळीत शेजारच्या कुंपणाखालून पलीकडे गेला, मातीसकट. कायद्यानं त्याला संरक्षण आहे. मी आता मेथी कुंडीत, गॅलरीत लावतो.

ओळखीचा एक शत्रूही भेटेल: घाणेरी. सह्याद्रीत जी माजलीय तीच इथे धारेच्या कडांना माजलीय, कारण घरांकडून खतमिश्रित पाणी तिकडेच वाहतं. हॉर्न्सबी नगरपालिकेचे ‘बुशकेअर’ गट ठरल्या दिवशी जमून हे तण काढतात. नवख्या माणसाला रान आणि शेजार दोन्ही कळायला यासारखी जागा नाही. हातमोजे तेच देतात, चहाही असतो. बहुतेक मंडळी सत्तरीची असतात आणि प्रत्येकाला आपल्या घळीचं प्रत्येक झाड नावानिशी माहीत असतं.

सातवी पायरी: आग

याबाबत ‘बघू’ चालत नाही. आग चढावर वेगानं धावते. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. आता पुन्हा धार आठवा: घरं माथ्यावर, रान खाली, म्हणजे आग नेहमी चढतच येते. ऑक्टोबर ते मार्च हा अधिकृत धोक्याचा काळ. रस्त्याकडेचा अर्धगोल फलक चार पातळ्या दाखवतो: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटची पातळी लागली की रानाजवळ थांबायचंच नाही, सकाळीच निघून जायचं. ‘हॅझर्ड्स निअर मी’ हे ॲप उतरवून घराभोवतीचा परिसर आखून ठेवा. ‘टोटल फायर बॅन’ असताना रानात पायी जाण्याआधी उद्यान उघडं आहे का पाहा. आणि होळी मार्चमध्ये येते, म्हणजे नेमकी याच काळात. अंगणात होळी पेटवायची नाही, परवान्याशिवाय तर मुळीच नाही.

हिवाळ्याच्या आगेमागे एखाद्या दिवशी मात्र आकाश धुरानं भरेल आणि ॲपवर आग दिसेल. ती बहुधा मुद्दाम लावलेली असते, उन्हाळ्याआधी पाला जाळून टाकण्यासाठी. पहिल्या वर्षी मी पासपोर्ट, दागिने आणि कुकर गाडीत भरून बसलो होतो. शेजारच्या आजी कपडे वाळत घालत होत्या. फक्त चादरी नंतर टाक, वास लागेल, एवढं म्हणाल्या.

आठवी पायरी: इथेच राहायचं ठरलं तर

घर आवडलं की सही करण्याआधी कलम १०.७ चा नियोजन दाखला मागा. जागा आगप्रवण क्षेत्रात आहे का ते त्यात कळतं. मग ‘बाल’ (BAL), म्हणजे घराला रानातल्या आगीची किती झळ लागू शकते त्याची पातळी विचारा: १२.५, १९, २९, ४० आणि सर्वांत वरची ‘फ्लेम झोन’. जितकी वरची पातळी तितकं बांधकाम आणि दुरुस्ती महाग. विम्याचा आकडाही बोली लावण्याआधी घ्या. एका ओळखीच्या कुटुंबानं तो नंतर घेतला आणि वर्षभर हप्त्यांची आकडेमोड करत बसलं. धारेच्या मधलं, स्टेशनजवळचं घर आगीच्या दृष्टीनं बरं. कड्यावरचं घर दिसायला सुंदर, पण जाहिरातीत ‘विहंगम दृश्य’ वाचलं की ते दृश्य कुठल्या बाजूच्या उतारावर आहे ते पाहा. उत्तर-पश्चिमेकडून उन्हाळ्याचे कोरडे वारे येतात.

आणि एक काम दलाल सांगणार नाही. घर एकदा रात्री दहानंतर जाऊन पाहा, पंधरा-वीस मिनिटं गाडीच्या काचा खाली करून बसा. नदीकडून काउअनचा चढ चढून आलेली मालगाडी दम टाकत धारेवरून जाते, आणि शांत रात्री तो आवाज दोन्ही घळींत घुमून परत येतो. आम्हाला आता तो ऐकू येत नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या आईला पहिल्या रात्री त्याच आवाजानं झोप लागली, लोणावळ्याच्या माहेरची आठवण झाली म्हणे. तुमचं काय होईल ते तिथे बसल्याशिवाय कळणार नाही.